टूल पाटावर मांडले तेव्हा

हिंगणा रोड, नागपूर
७ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

नमस्कार. मामीलाही सांगा. पत्राला उशीर झाला, त्याबद्दल आधीच कान पकडते. खोलीतल्या दोघी मुली माझ्याकडे बघून हसतात. "ताई, कोणाले लिवून राहिली वं? आजकाल पत्र कोण लिवते?" मी सांगितलं, माझ्या मामांना कोळसा खाणीच्या वर्कशॉपनं बहिरं करून घरी पाठवलंय. फोनवर ते स्वतः बोलतात आणि ठेवून देतात, समोरच्याचं त्यांना काहीच ऐकू येत नाही. घरातला फोनही बटणांचा. तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही.

तुम्ही विचारलंत, नेमकं काय काम करतेस. गांधीबागेतल्या दुकानात मी इतकी वर्षं साड्यांच्या घड्या घातल्या, तेव्हा हे कधी विचारलं नाहीत. लोखंडाचं नाव निघालं की तुमचे डोळे उघडतात, हे मला माहीत आहे.

मशीनचा कोर्स संपला आणि तो शिकवणाऱ्यांनीच मला या कंपनीत ट्रेनी म्हणून लावलं. मशीन सीएनसीचं आहे. म्हणजे तुमच्या लेथचंच काम, लोखंड गरगर फिरवून कापायचं, पण हँडल फिरवायचं नाही, पडद्यावर हुकूम लिहायचे. दरवाजा बंद होतो, आत पांढरं पाणी उडतं आणि मी काचेतून बघत उभी राहते. कापणारे सगळे टूल एका गोल चकतीवर बसवलेले असतात, तिला टरेट म्हणतात. ज्याची पाळी येते ते टूल फिरून पुढे येतं. आता मशीनला डोळे नाहीत. म्हणून सुरुवातीला एकेक टूल जॉबला, म्हणजे आत धरलेल्या लोखंडाच्या तुकड्याला, हळूच टेकवायचं आणि मशीनला सांगायचं, बाबा, याचं टोक इथं आहे. तो आकडा म्हणजे ऑफसेट. मशीन तो लक्षात ठेवतं. आकडा चुकला तर ते शंका घेत नाही, सरळ आत घुसतं.

जो नुसता जॉब लावतो आणि बटण दाबतो तो ऑपरेटर. जो टूल लावतो, ऑफसेट घेतो, पहिला जॉब पास करून देतो तो सेटर. आम्ही ट्रेनी दोघं, मी आणि मौद्याचा विक्की. आमचे सुपरवायझर मेश्राम सर म्हणाले, दिवाळीनंतर दोघांतून एकाला सेटर करणार. दुसऱ्याचं काय, ते बोलले नाहीत. मामा, मला ही जागा पाहिजे. पस्तिशी आली. परत कोणाच्या दुकानात जाऊन घड्या घालणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही.

बाकी ठीक. उभं राहून राहून पाय सुजतात. रविवार झोपण्यात जातो आणि सोमवारी वाटतं, झोपलेच नव्हते.

तुमची,
प्रीती


उमरेड
१५ सप्टेंबर

चि. प्रीती,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा समजलं नाही आणि दुसऱ्यांदा राग आला. दरवाजा बंद करून लोखंड कापतात म्हणे! मग बाई, लोखंडाची सोललेली चिप कशी निघून राहिली हे माणसाला कळणार कसं? आम्ही चिपचा रंग बघून गती कमीजास्त करायचो. तुमच्या मशीनला डोळे नाहीत, ठीक आहे, पण तुम्हाला तर आहेत ना? आणि मी बहिरा आहे हे खरं असलं तरी हिंगण्यात दवंडी पिटायची गरज नव्हती.

असो. सेटर तूच होणार. का, ते सांगतो. तुझी आई गेल्यावर तू माझ्या सायकलच्या दांड्यावर बसून वर्कशॉपच्या गेटपर्यंत यायचीस आणि आत यायला मिळालं नाही की रडायचीस. गेटवर रडणारं दुसरं पोर मी पाहिलेलं नाही.

आता कामाची गोष्ट. खांडेनवमी जवळ आली. माझा बाप कोष्टी, तो त्या दिवशी मागाची पूजा करायचा. मी लेथची करत आलो. आमच्या वर्कशॉपची रीत अशी होती की सगळे टूल मशीनवरून काढायचे, धुवायचे, पुसायचे, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. वर्षभर ते लोखंडात तोंड खुपसून असतात. त्या दिवशी त्यांना मोकळं करायचं. जे आळशी लोक टूल न काढता वरूनच फूल ठेवायचे, त्यांना आम्ही वर्षभर टोमणे मारायचो.

तुमच्याकडे मशीनच्या डोक्यावर झेंडूची माळ लटकवून फोटो काढत असतील. तू तसं करू नको. तुझ्या हाताखाली पहिल्यांदा मशीन आलं आहे. टूल काढून पूजा कर.

पाय सुजतात तर रात्री मिठाच्या गरम पाण्यात ठेवत जा. मामी सांगते आहे, मी तिच्या हातवाऱ्यांवरून लिहितो आहे.

देवराव पराते


हिंगणा रोड, नागपूर
२८ सप्टेंबर

ती. मामा,

आज थोडी खुशीत आहे, म्हणून बसल्या बसल्या लिहिते. काल मी एकटीनं मशीन सेट केलं. सगळे टूल मी लावले, सगळे ऑफसेट मी घेतले. पहिला जॉब काढून मेश्राम सरांच्या हातात दिला. त्यांनी आतून-बाहेरून मोजला आणि म्हणाले, "ठीक आहे." या माणसाच्या तोंडून ठीक आहे निघणं म्हणजे काय, ते इथल्या लोकांना विचारा. विक्की माझ्याआधी उरकतो, पण त्याचा पहिला जॉब भंगारात जातो. पोरगा वाईट नाही हं. डब्यातली भाजी रोज अर्धी मला देतो.

आता विचार करते तर हसू येतं. एवढं मनासारखं झालं आणि खोलीवर येऊन मी न जेवता झोपून गेले.

खांडेनवमीला तुम्ही म्हणता तसंच करणार आहे. मेश्राम सर त्या दिवशी दुपारीच निघतील. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना जेवण वाढायची सेवा त्यांचं सगळं घर करतं, आदल्या दिवसापासून तयारी असते. ते गेल्यावर मशीनचं शॉप निवांतच असतं. पाट घरमालकीणबाईंचा मागून ठेवला आहे.

तुमची,
प्रीती


उमरेड
१० ऑक्टोबर

चि. प्रीती,

दसरा होऊन इतके दिवस झाले आणि तुझी एक ओळ नाही. सोनं घ्यायला आली नाहीस ते समजलो, सुट्टी एका दिवसाची. पण पूजा कशी झाली ते तर लिहायचं! मी इथं पानठेल्यावर सगळ्यांना सांगून बसलो आहे की माझ्या भाचीनं कॉम्प्युटरच्या मशीनचे टूल काढून आपल्या रीतीनं पूजा केली. लेथवरचे जुने चार टर्नर अजून आहेत उमरेडला. त्यांतला एक तर म्हणाला, "देवराव, तुह्या घरी अजून मशीन हाये गा." मला त्याच्या ओठांवरून समजलं. दोनदा म्हणायला लावलं.

लवकर लिही.

देवराव पराते


हिंगणा रोड, नागपूर
१६ ऑक्टोबर

ती. मामा,

पूजा तुम्ही सांगितली तशी केली. टूल काढले, धुतले, पाटावर मांडले. लिहायला वेळ झाला नाही.

सध्या मला दुसऱ्या कामावर बसवलं आहे. मशीनवरून निघालेल्या जॉबच्या कडेला बारीक धार राहते, ती कानशीनं काढायची. हात सगळ्या कामाला बसला पाहिजे, असं म्हणतात. काम सोपं आहे, मान मात्र दुखते.

दिवाळीला येणं जमणार नाही. तब्येतीला जपा.

प्रीती


उमरेड
२७ ऑक्टोबर

चि. प्रीती,

दिवाळी झाली. तुझी मामी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बसच्या वेळेला दारात जाऊन उभी राहत होती, जसं काही तुझं पत्र तिनं वाचलंच नव्हतं. चिवडा आणि अनारसे गल्लीतल्या एका माणसाबरोबर पाठवले. ते मिळाले की नाही, तेवढंही तुला कळवावंसं वाटलं नाही.

तू मोठी होऊन राहिलीस, बाई. आधी दोन-दोन पानं लिहायचीस, आता तहसीलदारासारखं उत्तर देतेस. वर मला सांगतेस की धार काढायला बसवलं. मी चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. होणाऱ्या सेटरला कोणी कानस देऊन बसवत नाही. खरं काय ते मी समजलो आहे. सेटर झालीस, आणि आता म्हाताऱ्याला सगळं समजावत बसायचा कंटाळा येतो. तसं सरळ लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

टूलची पूजा केली आहेस, तेव्हा त्याचं फळ मिळणारच होतं. मिळालं तर मिळालं म्हणून सांगायला काय जातं? पानठेल्यावर मला रोज विचारतात.

यापुढे मी आधी लिहिणार नाही.

देवराव


उमरेड
९ नोव्हेंबर

प्रीती बाई,

मले लिवाची सवय नाही. चुका काढू नोको. तुह्या मामाले न सांगता लिवून राहिली, ते झोपले हायेत.

त्याईचं चित्त ठिकाणावर नाही. जेवाले बसते अन् अर्ध्यावर उठते. पानठेल्यावर जानं सोडलं. म्या विचारलं काहून जात नाही, तं म्हनते तिथं लोक प्रीतीचं विचारते, म्या काय सांगू? दिवसभर खाटेवर बसून तुह्ये जुने पत्र पायते. पोरगी बदलली म्हनते. म्या म्हनलं, थे बदलनारी पोरगी नाही, तिले काही दुखत असन.

का दुखून राहिलं वं बाई? मले सांग. म्या कोणाले सांगत नाही.

तुही मामी,
कौसल्या


हिंगणा रोड, नागपूर
१६ नोव्हेंबर

मामी,

तुझं पत्र कामावरून आल्यावर वाचलं आणि चपलाही न काढता दारातच बसून राहिले. मला गर्व झालेला नाही गं. गर्व करावा असं माझ्याजवळ काही उरलंच नाही.

तुला सगळं सांगते. खांडेनवमीला दुपारी मशीन बंद झाली. बाकीच्यांनी माळा लावल्या, नारळ फोडला, प्रसाद वाटला. मी एकटी टूल काढत बसले. विक्की म्हणाला, "ताई, काहून काढून राहिली? सर बोंबलतीन ना." मी म्हटलं, आमच्या घरची रीत आहे. धुतले, पुसले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. फार बरं वाटलं मला तेव्हा. तिथले दोघं-तिघं येऊन पाया पडून गेले.

मामांच्या वर्कशॉपमध्ये टूल रात्रभर पाटावर राहायचे. इथं मॅनेजर म्हणाला, सगळं जागेवर ठेवा, शॉपला कुलूप लावायचं आहे. मग मी घाईघाईनं लावले. बाहेरून कापणारे टूल त्यांच्या खाचेत मागे टेकतात, ते आपोआप जागेवर बसले. पण एक बोरिंग बार असतो. जॉबच्या आत जाऊन भोक मोठं करणारा लांब दांडा. तो किती बाहेर काढून कसायचा, हे लावणाऱ्याच्या हातात असतं. मी डोळ्यानं बघून होता तेवढाच ठेवला, असं मला वाटलं. टूल एकदा काढलं की ऑफसेट पुन्हा घ्यायचा, हे मला माहीत होतं, मामी. कोर्सच्या सुरुवातीलाच शिकवतात. पण पाय ठणकत होते, सगळे निघाले होते, आणि मनात आलं की आत्ताच पूजा केली आहे, काही होत नाही. हे शेवटचं वाक्य मी आजपर्यंत कोणाजवळ बोलले नाही.

सुट्टी संपल्यावर सकाळी बटण मीच दाबलं. पहिले टूल नीट चालले, माप बरोबर आलं. मला वाटलं, जमलं. मग बोरिंग बार आत गेला आणि जायचं त्याच्यापेक्षा बोटभर जास्त गेला. आवाज ऐकून शेजारच्या शॉपमधले लोक धावत आले. दांडा तुटला, टरेट जागचा हलला, जॉब धरणाऱ्या चकचा जबडा फुटला. दरवाजा बंद होता म्हणून माझ्या तोंडावर काही आलं नाही.

मेश्राम सर आले. टूल कोणी काढले? मी म्हटलं, मी. कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही, माझ्याच मनात आलं. ऑफसेट घेतले होते? मी म्हटलं, नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची ओढून मशीनसमोर बसले आणि तुटलेला दांडा हातात घेऊन मोजू लागले.

तेव्हापासून मी कानस घेऊन धार काढते. दिवाळीनंतर विक्कीला सेटर केलं. तो आता माझ्या मशीनवर असतो. भाजी अजून देतो, पण मी ती त्याच्याकडेच परत सरकवते. मार्चपर्यंत मला ठेवतील. पुढचं कोणी बोलत नाही आणि मला विचारायचं धाडस होत नाही. सकाळी उठून तयार होताना रोज वाटतं, आज नको जाऊ. आणि जाते.

मामांना हे सांगू नकोस. त्यांनी जन्मभर टूल काढून पूजा केली आणि कधी काही बिघडलं नाही, कारण त्यांच्या लेथवर टूल रोज नव्यानं लावायचंच असतं. त्यांना कळलं की त्यांच्या सांगण्यानं हे झालं, तर ते अन्न सोडतील. मी उद्धट झाले असं वाटतं तर वाटू दे. ते परवडलं.

वाचून झालं की पत्र चुलीत टाक.

तुझी,
प्रीती


उमरेड
२७ नोव्हेंबर

चि. प्रीती,

पोस्टमन पत्र माझ्याच हातात देतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पाकिटावर तुझ्या मामीचं नाव होतं. तिच्या नावानं या घरात कधी पत्र आलं नव्हतं. मला वाटलं काहीतरी वाईट आहे, म्हणून फोडलं. तुझी मामी अजून माझ्याशी बोलत नाही. "दुसऱ्याचं पत्र वाचाले लाज नाही वाटत?" एवढंच बोलली, आणि तेही मला ऐकू यावं म्हणून इतक्या जोरात की शेजारचे दारात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी नागपूरला आलो.

दचकू नको. तुझ्या कंपनीच्या गेटपर्यंत विचारत विचारत पोचलो. मी मोठ्यानं बोलतो, त्यामुळे चौकीदाराला वाटलं मी भांडायला आलो. तो मला बाहेर काढायला लागला, तर मी खरंच भांडलो. तो गोंधळ ऐकून तुझे मेश्राम सर बाहेर आले. मी त्यांना म्हटलं, "टूल काढाले पोरीले मी सांगतलं होतं. मी तिचा मामा. काय बोलायचं ते मले बोला." माणूस चांगला आहे. मला आत नेऊन चहा पाजला. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर एका कागदावर लिहून लिहून बोलला.

त्यानं लिहिलं, 'काका, पूजा केली म्हणून मी तिला मशीनवरून काढलं नाही. आमच्याकडे पूजा होत नसली तरी दुसऱ्याची मी अडवत नाही. ऑफसेट घेतला नाही म्हणून काढलं. तिला येत होतं.' त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. शिवाय शिव्या दिल्या असत्या.

मग त्यानं मला तुझं मशीन दाखवलं. विक्कीनं दरवाजा उघडला, वाकून पाया पडला. मी आत डोकावलो. प्रीती, मला हात लावायला तिथं जागाच सापडली नाही. पडद्यावर आकड्यांची रांग होती. मेश्राम सरांनी एकेका आकड्यावर बोट ठेवून टूलकडे दाखवलं. हा याचा, हा याचा. तेव्हा मला समजलं की तुमचं टूल फक्त टरेटवर नसतं, त्या आकड्यातही असतं. एक काढून पाटावर ठेवलं आणि दुसरं तसंच राहिलं. इतकी वर्षं मी सांगत आलो की लेथ ती लेथ. मला त्यातलं काही माहीत नव्हतं आणि मी तुला हुकूम सोडून बसलो.

बाहेर येताना तू दिसलीस. पलीकडे टेबलाशी पाठमोरी बसली होतीस. मी हाक मारली नाही. मला पाहून तू उठली असतीस, हसली असतीस, कँटीनला घेऊन गेली असतीस. तेवढं करायची ताकद मला तुझ्या खांद्यात दिसली नाही. परतीच्या बसमध्ये मी रडलो. कंडक्टरनं विचारलं, काय झालं बाबा, तर त्याला सांगितलं डोळ्यांत धूळ गेली.

आता माझा राग ऐक. साहेबानं विचारलं, कोणी सांगितलं, आणि तू म्हणालीस, कोणी नाही. कोणी नाही कसं? मी सांगितलं होतं. नोकरीत असताना माझ्या चुका माझ्या नावानं ओरडल्या जात. तेव्हा साहेबाचा राग यायचा, पण या कामात पराते नावाचा माणूस आहे हे तरी लोकांना माहीत असायचं. मग कंपनीनं रिटायर केलं. कानांनी रिटायर केलं. आणि तू मला चुकीतूनही रिटायर केलंस. मी काय काचेचं भांडं आहे, की फुटेन म्हणून कपाटात ठेवलंस? महिनाभर मी तुला घमेंडखोर समजून शिव्या देत होतो आणि तू त्या गुमान खात होतीस. हे मला सहन होत नाही.

ऑफसेट तू घेतला नाहीस, ते तुझं. टूल काढायला मी सांगितलं, ते माझं. माझं मला परत दे. काय बोलायचं ते बोल. मी जेवून बसलो आहे.

देवराव पराते


हिंगणा रोड, नागपूर
३ डिसेंबर

मामा,

इथपर्यंत आलात आणि मला न भेटता गेलात? विक्कीनं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, "ताई, तुमचे मामा आलते, लय जोरात बोलत होते." मी गेटपर्यंत धावत गेले. चौकीदार म्हणाला, म्हातारा केव्हाच गेला. मी गेटवर उभी राहून रडले. आता हेही पानठेल्यावर सांगा.

ठीक आहे. बोलू का? तुमचं चुकलं. जे मशीन तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्याच्याबद्दल हुकूम सोडलात. मी विचारायला पाहिजे होतं, नाही विचारलं, कारण तुम्ही सांगितलं म्हणजे ते बरोबरच असणार अशी सवय तुम्हीच लावली आहे. तुमच्या त्या एका पत्रानं माझं मशीन गेलं. एकटीनं सेट केलेलं माझं पहिलं मशीन, मामा! ते पुन्हा पहिलं होणार नाही. दिवाळीच्या पत्रात तुम्ही लिहिलंत की पूजेचं फळ मिळणारच होतं, तेव्हा मी ते चुरगाळून फेकलं आणि तुम्हाला जे नाही ते बोलले. खोलीतल्या मुली घाबरून बघत होत्या. मग स्वतःचीच लाज वाटली, उचलून सरळ केलं आणि तहसीलदारासारखं उत्तरही द्यायला जमलं नाही. दोन महिने मी तुमच्यावर चिडलेली आहे. धार काढताना चिडते, भात खाताना चिडते. तुम्हाला जपायचं म्हणून गप्प होते हे खरं, पण गप्प राहून चीड कमी झाली नाही. अजूनही गेलेली नाही.

हे लिहिताना माझा हात दुखतो आहे, इतकं दाबून लिहिते आहे.

काल मेश्राम सरांनी बोलावलं होतं. त्यांना म्हटलं, सर, तेव्हा खोटं बोलले. टूल काढायला माझ्या मामांनी सांगितलं होतं, देवराव पराते, उमरेडचे टर्नर. ऑफसेट मात्र मी घेतला नाही. सर म्हणाले, दोन्ही माहीत आहे, बस. सेटर विक्कीच राहणार. सोमवारपासून मला त्याच्याच मशीनवर ऑपरेटर म्हणून घेतलं आहे, आणि मार्चमध्ये माझी सेटरची परीक्षा पुन्हा घेणार आहेत. तुम्ही आलात म्हणून, की धार काढायला माणसं जास्त झाली म्हणून, ते मी विचारलं नाही. आनंद झाला का, तेही नीट सांगता येत नाही. खूप थकले आहे. विक्की सेटिंग करणार आणि मी त्याच्या बाजूला उभी राहून बघणार, हे रोज गिळायचं आहे. पण मशीनसमोर उभी राहीन.

रविवारी पहिल्या बसनं या. मामीलाही आणा, तिच्याशी तुमचा समेट मी करून देईन. मी दारात पाया पडणार नाही. आधी समोर बसून भांडणार आहे, कारण एवढ्या कागदात माझं भागलेलं नाही. ते संपलं की जेवू.

तुमच्यावर रागावलेली,
प्रीती